पारदर्शकाला रूप देणारे फ्रिट्स झेर्निके

जिवंत पेशी पाहणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पाण्यात ठेवलेली पेशी स्वतःही बहुतांशी पाणीच असते. प्रकाश तिच्यातून आरपार निघून जातो. तो अडत नाही, शोषला जात नाही, त्याचा रंगही बदलत नाही. सूक्ष्मदर्शकाची भिंगे कितीही उत्तम असली तरी दिसते ते फिकट पार्श्वभूमीवरची एक फिकट कडा आणि आत काहीतरी असल्याचा भास. एकोणिसाव्या शतकातील जीवशास्त्रज्ञांनी यावर रंगांचा उपाय काढला होता. पेशी रसायनात बुडवून स्थिर करायची, मग तिला निवडक रंग चढवायचा आणि रंग धरणारे भाग न धरणाऱ्या भागांपासून वेगळे ओळखायचे. गुणसूत्रांना पाश्चात्त्य भाषांत जे नाव मिळाले तेही रंग घेणारे शरीर या अर्थानेच. या उपायाने पेशीविज्ञान उभे राहिले, यात शंका नाही. मात्र त्याची किंमत मोठी होती. रंग चढेपर्यंत पेशी मेलेली असे. पेशी विभागते कशी, तिच्या पोटातले कण सरकतात कसे, हे सारे मृतावस्थेतील चित्रांची मालिका लावून अनुमानाने जाणावे लागे.

ही कोंडी फोडणारा माणूस जीवशास्त्रज्ञ नव्हता आणि सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या एखाद्या नामांकित कारखान्यातलाही नव्हता. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाकडील ग्रोनिंगन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारा तो एक प्राध्यापक होता, आणि ज्या क्षणी त्याला किल्ली सापडली त्या क्षणी तो पेशींचा नव्हे, तर ताऱ्यांचा आणि वायूंचा प्रकाश तपासण्याच्या एका उपकरणाचा विचार करीत होता.

फ्रिट्स झेर्निके यांचा जन्म १६ जुलै १८८८ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक. आईही गणिताचीच शिक्षिका. सहा भावंडांचे हे घर बुद्धीने श्रीमंत आणि खिशाने बेताचे होते. बहिणींपैकी आन १९११ साली नेदरलँड्समधील पहिली स्त्री धर्मोपदेशक झाली, तर एलिझाबेथने कादंबरीकार म्हणून नाव मिळवले. फ्रिट्सला आईवडिलांबरोबर बसून गणितातील अवघड कोडी सोडवण्याचा नाद होता, पण त्याचा खरा ओढा हातांनी काही करून पाहण्याकडे. मुशी, नळ्या, बरण्या असा संसार त्याने जमवला होता. रंगीत छायाचित्रणाचे प्रयोग करायचे तर ईथर हवे आणि ते विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून तो ते घरीच तयार करी. जुन्या ग्रामोफोनमधील चावीचे यंत्र काढून त्याच्या गतीवर चालणारी चिमुकली वेधशाळाही त्याने उभारली आणि तिच्यातून एका धूमकेतूचे छायाचित्र टिपले. पुढे प्राध्यापक झाल्यावरही यंत्र दुसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा स्वतः जुळवून पाहण्याची ही सवय सुटली नाही.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतला. जोडीला गणित आणि भौतिकशास्त्र होते. विद्यार्थिदशेतच, १९०८ साली, संभाव्यतेवरील एका निबंधाबद्दल ग्रोनिंगन विद्यापीठाने त्यांना सुवर्णपदक दिले. चार वर्षांनी हार्लेम येथील विज्ञानसंस्थेचे पारितोषिक मिळाले, तेव्हा पदक हवे की रक्कम, अशी विचारणा झाली. पदक एक होतेच; त्यांनी रक्कम मागून घेतली. ज्या मुलाने पैशांअभावी ईथर घरी बनवले होते, त्याची ही निवड समजण्यासारखी आहे.

हार्लेमचे पारितोषिक ज्या कामासाठी मिळाले तो विषय पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा सांगणारा होता. काही द्रव आणि वायू एका विशिष्ट तापमानाला आणि दाबाला पोचले की द्रव आणि वायू हा भेदच मिटतो. त्या क्रांतिक बिंदूजवळ एरवी स्वच्छ असणारा पदार्थ अचानक दुधाळ दिसू लागतो. आत कोणतीही घाण नसते. फक्त घनता ठिकठिकाणी सूक्ष्म प्रमाणात कमीजास्त होत असते, आणि तेवढ्या फरकाने प्रकाश विखुरतो. १९१५ साली झेर्निके यांनी याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्याआधी १९१४ मध्ये लेओनार्ड ऑर्नस्टाइन यांच्या सहकार्याने त्यांनी द्रवातील एका रेणूचा प्रभाव दूरच्या दुसऱ्या रेणूपर्यंत कसा पोचतो याचे समीकरण मांडले होते. ऑर्नस्टाइन-झेर्निके समीकरण या नावाने ते आजही द्रवांच्या सिद्धान्तात मूलभूत मानले जाते. जे पदार्थ पारदर्शक आहेत त्यांच्यातील सूक्ष्म असमानता प्रकाशाकडून वदवून घ्यायची, हा झेर्निके यांचा धागा येथेच सुरू होतो.

१९१३ मध्ये ते ग्रोनिंगनला आले ते विख्यात खगोलशास्त्रज्ञ याकोबुस काप्टाइन यांचे साहाय्यक म्हणून. काप्टाइन यांची प्रयोगशाळा मोठी विलक्षण होती. तेथे दुर्बीणच नव्हती. सरकारकडून ती मिळाली नाही तेव्हा काप्टाइन यांनी इतर वेधशाळांत काढलेल्या काचेच्या छायापट्टिका मागवून त्यांवरील ताऱ्यांची मोजदाद करण्याचे काम आरंभले आणि त्यातून आकाशगंगेच्या रचनेचे चित्र उभे केले. मोजमापातील बारकाव्यांचे हे शिक्षण घेऊन झाल्यावर १९१५ मध्ये, ऑर्नस्टाइन उत्रेख्तला गेल्याने रिकामी झालेली सैद्धान्तिक भौतिकीची अध्यापकाची जागा झेर्निके यांना मिळाली, आणि १९२० मध्ये ते प्राध्यापक झाले. यानंतर निवृत्तीपर्यंत ग्रोनिंगन सुटले नाही.

विषय सैद्धान्तिक, पण पाय प्रयोगशाळेत. अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह मोजणारा एक गॅल्व्हॅनोमीटर त्यांनी तयार केला, आणि डेल्फ्ट येथील किप अँड झोनेन या कंपनीने १९२३ पासून तो बाजारात आणला. अनेक प्रयोगशाळांत झेर्निके हे नाव आधी पोचले ते या यंत्रावरून.

आता त्या किल्लीकडे वळायचे तर प्रकाशाच्या कलेचा थोडा विचार करावा लागेल. कला हा शब्द चंद्रामुळे आपल्या परिचयाचा आहे. चक्रात चंद्र आज कोठे आहे, हे त्याची कला सांगते. प्रकाशही लाटच, आणि लाट एखाद्या क्षणी शिखरावर आहे, खळग्यात आहे की मधल्या उतारावर आहे, हे म्हणजे तिची कला. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला लाट किती उंच आहे हे दिसते आणि ती आत्ता शिखरावर आहे की ओसरते आहे हेही दिसते. प्रकाशाच्या बाबतीत मात्र डोळा पांगळा आहे. दृश्य प्रकाश सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी वेळा आंदोलने करतो. इतक्या वेगापुढे डोळा, छायापट्टिका किंवा आजचा कॅमेराही केवळ सरासरी तेज नोंदवतो. लाटेची उंची कळते, तिची वेळ कळत नाही. कलेची माहिती पडद्यावर पोचते आणि तेथेच नष्ट होते.

पारदर्शक पेशी प्रकाशावर जो काही परिणाम करते तो नेमका या कलेवरच करते. पेशीतील द्रव्य पाण्याहून किंचित घट्ट असल्याने त्यातून जाताना प्रकाश किंचित मागे पडतो. पेशीची जाडी ५ मायक्रोमीटर आणि तिचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा ०.०३ ने जास्त धरला, तर प्रकाश मागे पडतो तो अवघा ०.१५ मायक्रोमीटर; म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या साधारण पाव तरंगलांबीइतका. पेशीच्या आतील कणांमुळे पडणारा फरक याहूनही कितीतरी लहान. पेशीची सारी रचना प्रकाशावर अशी कोरली गेलेली असते, पण ती अशा लिपीत की डोळ्याला अक्षर लागत नाही.

झेर्निके यांना ही लिपी वाचता आली ती विवर्तन जालकामुळे. धातूच्या किंवा काचेच्या पृष्ठावर हिऱ्याच्या टोकाने एका मिलिमीटरमध्ये शेकडो समांतर रेघा ओढल्या की तो पृष्ठभाग प्रकाशाचे त्याच्या वर्णपटात विभाजन करतो. या रेघा ओढणाऱ्या यंत्राच्या स्क्रूमध्ये कितीही काळजी घेतली तरी आवर्ती चूक राहतेच. मग वर्णपटातील प्रत्येक तेजस्वी रेषेच्या दोन्ही बाजूंना तिच्या पुसट खोट्या प्रतिमा उमटतात. वर्णपट अभ्यासणारे लोक त्यांना भुते म्हणत. बाकीच्यांना या भुतांचा फक्त उपद्रव होता. झेर्निके यांना त्यांचे कुतूहल होते. गणित मांडल्यावर त्यांच्या ध्यानात आले की भुतांचा प्रकाश मुख्य रेषेच्या प्रकाशाहून पाव चक्राने वेगळ्या कलेत असला पाहिजे. वर्णपटाच्या छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, कारण छायाचित्र कला टिपत नाही. हा प्रश्न त्यांनी मनात जपून ठेवला.

१९३० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक मोठे अंतर्वक्र जालक बसवण्यात आले. त्याच्या पृष्ठावर पट्टे दिसत होते. जालक डोळ्यापासून सुमारे ६ मीटर दूर असल्याने ते पट्टे नीट पाहावेत म्हणून त्यांनी एक लहान दूरदर्शक त्यावर रोखला. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. दूरदर्शक थोडा पुढेमागे असताना पट्टे स्पष्ट दिसत. तो जालकाच्या पृष्ठावर अचूक जुळवला की मात्र पट्टे नाहीसे होत. नीट पाहावे तर दिसत नाही आणि चुकीचे पाहावे तर दिसते! दुसऱ्या कोणी याकडे किरकोळ त्रास म्हणून दुर्लक्ष केले असते. ज्याच्या मनात भुतांच्या कलेचा हिशेब आधीपासून पडून होता, त्याला मात्र याचा अर्थ लागला. पट्टे हा तेजातला फरक नव्हताच. तो केवळ कलेतला फरक होता. प्रतिमा अचूक जुळली की कलेतला फरक कलेतच राहतो, आणि डोळ्याला तो दिसत नाही.

मग मुख्य प्रकाशाचीच कला पाव चक्राने बदलली तर? काचेवर ठरावीक खोलीची उथळ खाच कोरून प्रकाशाची कला बदलण्याची रीत लॉर्ड रेले यांनी पूर्वीच दाखवून दिली होती आणि झेर्निके यांना ती ठाऊक होती. अशी खाच असलेली पट्टी त्यांनी मुख्य रेषेच्या प्रतिमेच्या जागी ठेवली. दूरदर्शक आता अचूक जुळलेला असतानाही पट्टे ठळक दिसू लागले.

यातील युक्ती एका साध्या हिशेबाने समजते. कोणी १०० पावले उत्तरेला चालला आणि मग ५ पावले पूर्वेला गेला, तर मूळ जागेपासून त्याचे अंतर होते १०० पावले आणि एक अष्टमांश. पाच पावले चालण्याचा अंतराला जवळपास काहीच उपयोग झाला नाही. फक्त दिशा किंचित बदलली. तीच ५ पावले उत्तरेलाच टाकली असती तर अंतर १०५ झाले असते. सूक्ष्मदर्शकात सरळ आलेला प्रकाश म्हणजे १०० पावले आणि पेशीने विवर्तित केलेला क्षीण प्रकाश म्हणजे ५ पावले. पारदर्शक पेशीच्या बाबतीत ही पाच पावले नेहमी काटकोनात, म्हणजे पाव चक्राने मागे पडतात. म्हणून तेज बदलत नाही आणि पेशी दिसत नाही. सरळ प्रकाशाची कला पाव चक्राने सरकवली की दोन्ही एका रेषेत येतात. तेज अंतराच्या वर्गाने बदलते, त्यामुळे जेथे पाव टक्क्याचा फरक होता तेथे दहा टक्क्यांचा होतो. झेर्निके एवढ्यावर थांबले नाहीत. सरळ प्रकाश फाजील बलवान आहे, तर त्याला पातळ काजळी लावून क्षीणही करावे. शंभराची पन्नास पावले केली तर तीच पाच पावले आता वीस टक्क्यांहून जास्त फरक घडवतात. पाव तरंगलांबीहून कितीतरी लहान असलेला कलेचा फरक अशा रीतीने काळ्यापांढऱ्या छटांत उतरतो.

प्रश्न उरतो तो दोन्ही प्रकारचा प्रकाश वेगळा काढण्याचा, कारण पेशीपाशी ते एकमेकांत मिसळलेले असतात. सुदैवाने वस्तुभिंगाच्या मागे एक प्रतल असे असते की तेथे सरळ प्रकाश एका ठरावीक जागी एकवटतो आणि विवर्तित प्रकाश सगळीकडे पसरलेला असतो. झेर्निके यांनी पेशीवर प्रकाश टाकण्यासाठी कंडेन्सरखाली कड्याच्या आकाराची फट ठेवली आणि त्या मागच्या प्रतलात तेवढ्याच आकाराचे कडे कोरलेली काच बसवली. सरळ प्रकाश कड्यातून जातो आणि त्याची कला बदलते. विवर्तित प्रकाश बहुतांशी कड्याबाहेरून निसटतो आणि तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकात बदल करायचा तो एवढाच. एक फट आणि एक कडे.

ही पद्धत घेऊन १९३२ साली झेर्निके जर्मनीतील येना येथे गेले. कार्ल झाइस कंपनीचे ते गाव म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या विद्येची काशीच. त्यांना वाटले होते की तेथील तज्ज्ञ हे पाहून आनंदतील. स्वागत थंड झाले. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने तर असा अभिप्राय दिला की या गोष्टीचा व्यवहारात काही उपयोग असता तर आम्हीच ती केव्हाच शोधून काढली असती. हा उद्धटपणा वाटतो, पण त्याचे मूळ निव्वळ अहंकारात नव्हते. सूक्ष्मदर्शकात प्रतिमा कशी तयार होते याचा सिद्धान्त झाइसच्याच एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडला होता आणि त्या बळावर कंपनीने जगात पहिले स्थान मिळवले होते. आबे १९०५ मध्ये वारले; त्यांचा अधिकार मात्र कारखान्यात तसाच नांदत राहिला. गंमत अशी की सरळ प्रकाश आणि विवर्तित प्रकाश यांची फोड आबे यांच्याच सिद्धान्तात होती. झेर्निके यांनी वापरले ते येनाचेच धन, पण ते धन सांभाळणाऱ्यांना त्यात आणखी काही दडले आहे याची शंका आली नव्हती. गुरूचा सिद्धान्त पाठ असणे आणि तो नव्या जागी लावून पाहणे यांत किती अंतर असते, हे येनातल्या त्या दिवसाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. कंपनीने पद्धतीत अगदीच रस घेतला नाही असे नाही. पण काम रेंगाळले, आणि हाती येईल असे यंत्र बनायला जवळजवळ दहा वर्षे गेली.

येनातून परतलेल्या झेर्निके यांनी हातावर हात ठेवले नाहीत. दुर्बिणीचा आरसा बरोबर घासला गेला आहे की नाही हे पाहण्यासाठी फूको यांच्या सुरीच्या धारेची चाचणी प्रचलित होती. १९३४ मध्ये झेर्निके यांनी तिचा विवर्तनाच्या दृष्टीने सिद्धान्त मांडला आणि कलेच्या पद्धतीने ती अधिक सूक्ष्म करून दाखवली. त्याच लेखात, जवळजवळ ओघात, वर्तुळाकार भिंगातील दोष वेगवेगळे करून सांगणारी बहुपदींची एक माळ त्यांनी मांडली. पुढे त्यांचे विद्यार्थी बेर्नार्ड नायबूर यांनी तिच्या आधारे भिंगदोषांचा सिद्धान्त विकसित केला, आणि १९५४ मध्ये अवध भाटिया या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाने एमिल वोल्फ यांच्यासह तिचे गणिती स्वरूप अधिक सखोलपणे तपासले. १९३८ साली झेर्निके यांनी प्रकाशाच्या कलासंबद्धतेची, म्हणजे दोन ठिकाणच्या प्रकाशलहरी एकमेकींशी किती पाऊल जुळवून चालतात याची, व्याख्या मोजता येईल अशा स्वरूपात केली. उत्रेख्तच्या पीटर हेंड्रिक फान सिटर्ट यांनी चार वर्षांपूर्वी याच दिशेने पाऊल टाकले होते. म्हणून त्या प्रमेयाला दोघांची नावे मिळाली.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदरलँड्स व्यापले. उत्रेख्तमध्ये ऑर्नस्टाइन यांना, ते ज्यू असल्यामुळे, स्वतःच्याच प्रयोगशाळेचे दार बंद झाले. १९४१ च्या मे महिन्यात ते वारले. त्याच वर्षी, जर्मन सैन्याने युद्धाच्या कामी येतील अशा शोधांचा धांडोळा घेतला तेव्हा झाइसकडे अडगळीत पडलेली झेर्निके यांची पद्धत वर आली, आणि कला-सूक्ष्मदर्शकांचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी झाइसचे आउगुस्ट क्योलर यांनी या पद्धतीवर लेखही प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातील प्रकाशयोजनेला ज्यांचे नाव आहे तेच हे क्योलर. तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते. ज्या सत्तेने झेर्निके यांच्या तरुणपणीच्या सहकाऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले, तिच्याच गरजेने त्यांचा शोध जगापुढे यावा, याला काय म्हणावे? झेर्निके स्वतः तेव्हा व्याप्त देशात होते. १९४२ मध्ये त्यांनी पारदर्शक वस्तूंच्या सूक्ष्मदर्शनावरील आपले सविस्तर लेख प्रसिद्ध केले. १९४४ मध्ये त्यांच्या पत्नी डोरा यांचे निधन झाले.

झाइसमध्येच कुर्ट मिशेल यांनी १९४३ मध्ये या सूक्ष्मदर्शकाला चलच्चित्राचा कॅमेरा जोडून नाकतोड्याच्या शुक्रपेशीच्या विभाजनाचा चित्रपट तयार केला. गुणसूत्रे गोळा होतात, मध्यरेषेवर रांग धरतात, दोन बाजूंना ओढली जातात आणि एका पेशीच्या दोन होतात, हे सारे रंगाचा एक थेंबही न वापरता पडद्यावर घडताना दिसले. पन्नास-साठ वर्षे चित्रांच्या तुकड्यांवरून जोडलेली कथा खरी होती की नाही, याची शहानिशा झाली. ती बहुतांशी खरी निघाली, हे त्या जुन्या रंगवणाऱ्या संशोधकांचेही श्रेय. पण आता प्रश्नांचे स्वरूप बदलले. विभाजनाला किती वेळ लागतो, कोणत्या औषधाने ते थांबते, कर्करोगाची पेशी काचेवर कशी सरकते, हे प्रश्न जिवंत पेशीलाच विचारता येऊ लागले.

युद्ध संपल्यावर इतर देशांतील कंपन्यांनीही ही यंत्रे बनवायला घेतली आणि काही वर्षांतच पेशी वाढवणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला त्यांच्यावाचून चालेनासे झाले. १९४८-४९ मध्ये झेर्निके अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते. १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक त्यांना मिळाले आणि १९५३ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक, दुसऱ्या कोणाच्याही वाटणीविना. वय पासष्ट. अणुगर्भ आणि मूलकण यांचा तो काळ. लाटांच्या जुन्या सिद्धान्तातून काढलेल्या शोधाला असा मान मिळणे दुर्मीळच होते. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती वैद्यकशास्त्राची. पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात त्यांनी येनाची ती हकीकत मोकळेपणाने सांगितली, आणि माणसाचे मन शिकायला चपळ पण नवे संबंध जोडायला किती मंद असते, याबद्दल विस्मय व्यक्त केला. या मंदपणातून त्यांनी स्वतःलाही वगळले नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला. १९५८ मध्ये निवृत्त होऊन ते नार्डन येथे राहायला गेले. अखेरची काही वर्षे आजारपणात गेली आणि १० मार्च १९६६ रोजी आमर्सफोर्ट येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेहेतीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्यांच्या बहिणीचा नातू खेरार्ड त होफ्त यालाही भौतिकीचे नोबेल मिळाले.

झेर्निके यांचा सूक्ष्मदर्शक निर्दोष नाही. त्यात दिसणाऱ्या प्रत्येक पेशीभोवती एक उजळ वलय असते, आणि ते पेशीचे नसून यंत्राचे असते. कड्यातून निसटलेल्या थोड्याशा विवर्तित प्रकाशाची ती करणी. जाड ऊतींमध्ये चित्र गढूळ होते. शिवाय कलेचा फरक दिसतो, पण किती, हे आकड्यात सांगता येत नाही. ही शेवटची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न त्यांच्या हयातीतच सुरू झाले होते. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की पेशीतून जाताना प्रकाश किती मागे पडतो हे मोजले, तर पाणी वगळून पेशीत किती द्रव्य आहे याचे वजनच करता येते. आज लेसर, कॅमेरा आणि संगणक यांच्या साहाय्याने प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूशी कला किती बदलली याचा नकाशा तयार होतो, आणि त्यात काही नॅनोमीटरचे फरकही वाचता येतात. पेशी तासागणिक किती जड होत गेली, हे तिला हात न लावता कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही प्रथिनांचे रेणू जवळजवळ पारदर्शकच असतात. तेथे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्याला मधोमध छिद्र पाडून जी पट्टी बसवण्यात आली तिला झेर्निके यांचेच नाव दिले गेले.

त्यांच्या बहुपदी तर नेत्रचिकित्सेपर्यंत पोचल्या आहेत. चष्मा घालवण्यासाठी लेसरने डोळ्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी डोळ्यातून परत येणाऱ्या प्रकाशलहरीचा आकार मोजला जातो, आणि दृष्टीतला दोष कोणत्या प्रकारचा किती आहे हे त्या बहुपदींच्या भाषेत लिहिले जाते. १९९० मध्ये अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेल्याचे उघड झाले, तेव्हा त्या चुकीचे मोजमापही याच भाषेत झाले.

आणि पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या महाकाय रेडिओ दुर्बिणीतील कोणतीही एक तबकडी एकटीने आकाशाचे सूक्ष्म चित्र काढू शकत नाही. दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून, तेथे पोचलेल्या रेडिओ लहरी एकमेकींशी किती पाऊल जुळवून आल्या हे मोजले जाते, आणि अशा ४३५ जोड्यांच्या मोजमापांतून संगणक दूरच्या दीर्घिकेचे चित्र तयार करतो. त्या हिशेबाच्या मुळाशी १९३८ सालचे ते प्रमेय आहे.